खोक्यावर ‘लिनक्स’ लिहिलं, ड्रायव्हर मात्र दिला नाही

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : यूएसबी वाय-फाय अडॅप्टर लिनक्सवर चालत नसल्याबद्दल, आणि मॉडेल क्रमांक तोच ठेवून आतली चिप बदलल्याबद्दल तक्रार

महोदय/महोदया,

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला. माझ्या लॅपटॉपमधला सातव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत बसत नाही. धडधाकट मशीन भंगारात काढायला मन होईना, म्हणून मी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली. आवाज, टचपॅड, कॅमेरा पहिल्याच दिवशी चालू झाले. आतलं वाय-फाय कार्ड मात्र आधीच बिघडलं होतं, म्हणून तुमचा अडॅप्टर घेतला. खोक्यावर ‘विंडोज, मॅक, लिनक्स’ असं स्पष्ट छापलेलं आहे. शिवाय माझ्या मामेभावाकडे हेच मॉडेल आहे आणि त्याच्या लिनक्सवर ते नुसतं खोचलं की चालतं.

माझ्याकडे ते खोचल्यावर वाय-फायची खूण आलीच नाही. त्याऐवजी सीडी ड्राइव्ह उघडला आणि आत विंडोजची सेटअप फाइल निघाली. असे अडॅप्टर आधी सीडी म्हणून हजर होतात आणि त्यांना वाय-फायच्या मोडमध्ये ढकलावं लागतं, हे मला दोन तास शोधल्यावर कळलं. तेही केलं. मग टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी दाखवणारी आज्ञा) दिल्यावर चिपचा क्रमांक दिसला. तो मामेभावाच्या अडॅप्टरपेक्षा वेगळा होता. खोकं पुन्हा उलटसुलट करून पाहिलं, तेव्हा बारकोडशेजारी अगदी बारीक अक्षरात ‘व्ही ३’, म्हणजे तिसरी आवृत्ती, असं सापडलं. त्याच्याकडचा व्ही १ आहे. नाव एक, मॉडेल क्रमांक एक, आणि आतली वस्तूच निराळी. हे विकत घेणाऱ्याला दुकानात कसं कळावं?

तुमच्या वेबसाइटवर ‘लिनक्स ड्रायव्हर’ (अडॅप्टर चालवायला संगणकाला लागणारा प्रोग्रॅम) म्हणून एक झिप फाइल आहे. वाय-फायचा ड्रायव्हर उतरवायलाच इंटरनेट हवं, म्हणून मोबाइल केबलने जोडून ती घेतली. आतल्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये लिहिलंय : कर्नल (म्हणजे लिनक्सचा गाभा) २.६ ते ४.९. कर्नल ४.९ डिसेंबर २०१६मध्ये आला. माझ्याकडे ६.८ आहे. ड्रायव्हर कंपाइल करायला, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवायला, घेतल्यावर पडदाभर एरर आल्या. शेवटी एका स्वयंसेवकाने दुरुस्त करून ठेवलेला कोड मिळाला. तो कंपाइल झाला, पण डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर सिक्युअर बूट या सुरक्षा सोयीने अडवला. मग सहीसाठी स्वतःची डिजिटल की तयार करायची, मशीन रीस्टार्ट करायचं, निळ्या पडद्यावर पासवर्ड देऊन ती नोंदवायची. इतकं करून वाय-फाय चाललं. पुढच्या कर्नल अपडेटनंतर ते पुन्हा गेलं.

मी संगणकातला जाणकार नाही. मेल, बँकेची कामं, मुलीचा अभ्यास, एवढाच माझा वापर. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर ‘लिनक्स आपल्यासारख्यांचं काम नाही’ म्हणून केव्हाच सोडून दिलं असतं. दोष लिनक्सच्या माथी गेला असता, आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला. ‘विंडोजवर लावून बघा’ असं सांगण्यात आलं. शेजाऱ्यांच्या विंडोजवर तो चालला, तर ‘वस्तूत दोष नाही, बदलून मिळणार नाही’ असं उत्तर आलं. खोक्यावर लिनक्स तुम्हीच छापलंय. मग लिनक्सवर न चालणं हा दोष नाही तर काय?

हे अशक्य कोटीतलं काम मुळीच नाही. मीडियाटेकच्या अनेक वाय-फाय चिपांचा ‘एमटी७६’ ड्रायव्हर थेट कर्नलमध्येच आहे. त्या चिपचा अडॅप्टर लावला की वेगळं काही उतरवावं लागत नाही, आणि कर्नल अपडेट झाला तरी ड्रायव्हर सोबतच येतो.

तरी मला माझे पैसे परत द्यावेत किंवा कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेला अडॅप्टर बदलून द्यावा. यापुढे चिप बदलली तर मॉडेल क्रमांकही बदला, आणि चिपचं नाव खोक्यावर वाचता येईल अशा अक्षरात छापा. ‘लिनक्स’ या शब्दापुढे कुठल्या कर्नलपर्यंत, तेही लिहा. ज्या व्ही ३चा ड्रायव्हर आज चालत नाही, त्याच्या खोक्यावरून तो शब्द काढून टाका.

बिल, खोक्याच्या तळाचा फोटो आणि एररची प्रत सोबत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावं, फोनवर नको.

आपला,
एक ग्राहक