घरगुती विमानबांधणी आणि पुट्टीचे वजन

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेल्या विमानाची 2017 मध्ये नोंदणी झाली, तेव्हापासून घरी विमान बांधण्याविषयी आपल्याकडे आस्थेने लिहिले जाते. त्या लिखाणात इंजिन, परवाने आणि खर्च यांची चर्चा भरपूर असते. पृष्ठभाग गुळगुळीत करण्यासाठी काय भरायचे, हा प्रश्न मात्र रंगकामात मोडतो असे समजून सोडून दिला जातो. फोम आणि फायबरग्लासचे विमान बांधू पाहणाऱ्यांसाठी त्याविषयी लिहीत आहे.

अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या ‘व्हेरीईझी’ आणि ‘लाँग-ईझी’ या विमानांमुळे ही पद्धत जगभर रूढ झाली. तप्त तारेने कापलेल्या फोमवर इपॉक्सी राळेत भिजवलेले काचकापड चढवतात. साचा लागत नाही, पण कापडाची वीण आणि उंचसखलपणा वरून भरून काढावा लागतो. ‘लाँग-ईझी’च्या मुख्य पंखाचे क्षेत्रफळ सुमारे 7.6 चौरस मीटर आहे, म्हणजे वरची व खालची बाजू मिळून 15 चौरस मीटर. त्यावर सरासरी अर्धा मिलिमीटर थर राहिला तरी साडेसात लिटर माल लागतो. मोटारींच्या डेंटिंग-पेंटिंगची टाल्कयुक्त पुट्टी लिटरला दीड किलोच्या आसपास धरली, तर हे वजन अकरा किलोंवर जाते. काचेच्या पोकळ सूक्ष्मगोलकांचे, म्हणजे मायक्रोबलूनचे, घट्ट मिश्रण त्याच्या निम्म्याहून कमी वजनात तेच काम करते. शिवाय मोटारींच्या या पॉलिएस्टर पुट्टीतील स्टायरीन हे द्रावक पॉलिस्टायरीन फोम विरघळवते, त्यामुळे उघड्या फोमला ती लागली तर तिथे खड्डाच पडतो.

मिश्रण करताना आधी राळ आणि ती कडक करणारा हार्डनर पूर्ण एकजीव करावेत आणि मगच मायक्रो (मायक्रोबलून) घालावे, कारण मायक्रो पडल्यावर राळ नीट मिसळली आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. फोमची छिद्रे बुजवायला राळेइतक्याच आकारमानाचे मायक्रो घातलेले पातळ मिश्रण पुरते. ते न लावल्यास महागडी, जड राळ फोममध्ये मुरत राहते. पृष्ठभागाच्या भरणीसाठी राळेच्या सुमारे पाचपट मायक्रो घालावे, इतके की उभ्या पृष्ठभागावर थापलेला गोळा ओघळणार नाही. ओघळ थांबवण्यासाठी सिलिकाची भुकटी सढळ हाताने घालण्याची सवय मला पटत नाही. थर कडक होतो आणि पॉलिशपेपर घासताना शेजारचे काचकापड आधी कापले जाते. जिथे ताण येतो अशा कोपऱ्यांत आणि सांध्यांत मायक्रो कधीही वापरू नये. तिथे इपॉक्सीत कालवलेला कापसाचा बारीक तंतू, म्हणजे फ्लॉक्स, लागतो. तो जड असला तरी त्या जागी वजनाची काटकसर धोक्याची ठरते.

सर्वांत जास्त काळजी एलेरॉन आणि एलेव्हेटर या, विमान कलते किंवा वर-खाली करणाऱ्या, बिजागरीवर हलणाऱ्या पृष्ठभागांची घ्यावी. त्यांच्या मागच्या कडेला भरलेली थोडी पुट्टीसुद्धा बिजागरीपासून दूर असल्याने संतुलन बिघडवते, आणि असंतुलित पृष्ठभाग वेगात फडफडू लागला, ज्याला फ्लटर म्हणतात, तर तो काही क्षणांत तुटू शकतो. म्हणून भरणी आणि रंग दोन्ही झाल्यावर त्यांचे संतुलन पुन्हा तपासणे आवश्यक आहे. केवळ उघड्या सांगाड्यावर केलेली तपासणी पुरेशी नाही. घासताना उडणारी काचेची धूळ फुप्फुसात जाते, त्यामुळे चांगला मास्क हवाच. रुमाल बांधून भागत नाही.

अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघ असे प्रकल्प हाती घेतात, तेव्हा त्यांनी प्रत्येक भागाचे वजन भरणीच्या आधी आणि नंतर वहीत लिहावे, आणि आपल्या वार्ताहरांनीही वेग व पल्ला विचारताना ती वही आवर्जून पाहावी, अशी विनंती आहे.

आपला,
एक वाचक, नाशिक