गाय, पुतळा आणि तुझी शंका

ठाणे (पश्चिम)

प्रिय सुधीर,

आम्ही मेडिकलच्या पोरांना रुग्णाऐवजी माणसासारख्या पुतळ्यावर शिकवतो, त्यावर शिकून पोरांना काय डोंबल येणार, असं लिहिलंयस. वाचून हसलो, मग जरा चिडलोही.

तुझंच घे. परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात गाभण तपासणी शिकलास तेव्हा तुझा हात खांद्यापर्यंत गायीच्या आत आणि सर बाहेर. तू म्हणायचास, "लागलं सर." सरांना ते मान्यच करावं लागे. बोटांखाली गर्भाशय आहे की शेणाचा गोळा, ते एक तू जाणे नाहीतर ती गाय! नेमकी हीच अडचण धरून सारा बेली या पशुवैद्य बाईंनी ग्लासगोला संगणकाची गाय केली. फायबरचा मागचा अर्धा भाग आणि आत बोटात टोपी अडकवायचं एक यंत्र. ते बोटाला उलटा दाब देतं, म्हणून गर्भाशय हाताला लागतं आणि बोट कुठे फिरतंय ते मास्तरांना पडद्यावर दिसतं. त्यावर शिकलेल्यांना पुढे खऱ्या गायीत गर्भाशय जास्त सापडलं, हेही बाईंनी तपासून दाखवलं.

आमचंही तेच रे. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती 5 ते 6 सेंटीमीटर दाबायची, मिनिटाला 100 ते 120 वेळा, हे आमच्या पोरांना तोंडपाठ. पण दाबल्यावर अंगाचा भार तसाच ठेवतात, छाती पुरती वर येऊ देत नाहीत. मग हृदयात रक्त भरणार कुठून? नुसत्या डोळ्यांना हे दिसत नाही, पुतळ्याच्या पडद्यावर लगेच कळतं.

पुतळ्याला नातेवाईक नसतात, हे मात्र तुझं शंभर टक्के खरं. त्यासाठी आम्ही नाटकातली माणसं बोलावतो. ठाण्यात त्यांची काही वाण नाही. परवा रुग्णाच्या मुलीचं काम करणाऱ्या बाईंनी विचारलं, "म्हणजे बाबा गेले का?" आमचा इंटर्न आपला "आम्ही खूप प्रयत्न केले" हेच घोळवत बसला. 'गेले' हे त्याच्या तोंडून निघेचना.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. एका ठिकाणी लाखोंचा पुतळा प्लास्टिकच्या कव्हरातच पाहिला, इन्स्पेक्शनपुरता बाहेर निघतो म्हणे! त्यापेक्षा टाके घालायला साधा फोम द्या, पण शेजारी बसणारा मास्तर द्या.

तुझ्याकडे कृत्रिम रेतन शिकायला नवी मुलं आलीत ना? कत्तलखान्यातून म्हशीचं गर्भाशय आण, टबात ठेव, वर कापड टाक. हात आत घालायला सांग, बोट कशावर आहे ते विचार आणि मग कापड उचल. किती जणांचं बरोबर निघतं ते कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप