डाल जरूर वाचावा, त्याचे बोलणेही लपवू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्टीतील वाचनासाठी आपण इंग्रजी बालसाहित्यिक रोआल्ड डाल यांची पुस्तके सुचवलीत. त्यावर एका वाचकाने, ज्यूद्वेष्ट्या लेखकाची पुस्तके मुलांच्या हाती देऊच नयेत, असे कळवले आहे. मी आमच्या कॉलनीतले बालवाचनालय सांभाळते, म्हणून हे लिहिते आहे.

त्या वाचकाचा आरोप खोटा नाही. १९८३ साली ‘न्यू स्टेट्समन’ या ब्रिटिश साप्ताहिकाशी बोलताना डाल म्हणाले होते की, ज्यूंच्या स्वभावातच वैर ओढवून घेणारे काहीतरी आहे, हिटलरसारखा नीच माणूसही विनाकारण त्यांच्या मागे लागला नव्हता. साठ लाख ज्यूंच्या हत्येनंतर जेमतेम चाळीस वर्षांनी हे बोलले गेले! निधनाच्या वर्षी, १९९० मध्ये, आपण ज्यूविरोधी झालो आहोत, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

हे तिकडचे भांडण, आपल्याला काय त्याचे, असे मात्र कुणी म्हणू नये. अलिबाग-पेणकडचे बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. त्यांची घरची भाषा मराठी. वरळीच्या ज्या रस्त्याला डॉ. ई. मोझेस यांचे नाव आहे, ते मुंबईचे महापौर याच समाजातले. डाल यांचे ते वाक्य यांनाही लागू होते.

तरीही ‘मटिल्डा’ मी कपाटातून काढणार नाही. घरात पुस्तकाची किंमत नसलेली एक चिमुरडी एकटी चालत वाचनालयात जाते आणि पुढे दांडगट मुख्याध्यापिकेला पुरून उरते. वर्गात तोंड न उघडणारी मुले हे वाचून माझ्यापाशी येऊन भडाभडा बोलतात. त्यांच्या त्या आनंदात कुणाचाही द्वेष नाही, आणि तो हिरावून घेतल्याने एकाही ज्यू माणसाला न्याय मिळणार नाही. मात्र एखादा ज्यू वाचक डाल यांचे पुस्तक हातात धरणार नाही म्हणाला, तर त्याला समजावत बसण्याचा अधिकार मला नाही.

प्रत्येक पुस्तक इतके निर्मळ नसते. ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’मधले कारखान्याचे मजूर, उंपा-लुंपा, १९६४च्या पहिल्या आवृत्तीत आफ्रिकेच्या जंगलातून आणलेले काळे पिग्मी, म्हणजे बुटक्या जमातीचे लोक, होते. मजुरी म्हणून त्यांना कोकोच्या बिया मिळत. टीका झाल्यावर डाल यांनीच १९७०च्या दशकात ते वर्णन बदलले. म्हणजे लेखकाची दृष्टी पुस्तकात उतरली आहे का, हे पुस्तकागणिक वाचूनच ठरवावे लागते.

मला खरा राग आहे तो २०२३ मधल्या रंगसफेदीचा. ‘पफिन’ या प्रकाशनसंस्थेने लेखकाच्या पश्चात शेकडो ठिकाणी मजकूर बदलला, चार्लीच्याच गोष्टीतल्या खादाड ऑगस्टस ग्लूपला ‘लठ्ठ’ म्हणणेही काढून टाकले. ओरड झाल्यावर मूळ मजकुराच्या आवृत्त्याही छापण्याचे ठरले. पण डाल ज्यूंबद्दल जे बोलले, ते या पुस्तकांत नव्हतेच, मग धुतले काय? त्यापेक्षा इंग्लंडमधल्या ग्रेट मिसेंडन गावच्या डाल संग्रहालयाने त्याच वर्षी त्यांचा वंशद्वेष उघडपणे मान्य केला, ते मला फार मोलाचे वाटते. कुटुंबीयांनी त्याआधीच, २०२० मध्ये, माफी मागितली होती.

आठ वर्षांच्या मुलाला मी नुसते पुस्तक देते. तेरा-चौदाव्या वर्षी तेच मूल लेखकाविषयी विचारते, तेव्हा सगळे सांगते, १९८३च्या त्या वाक्यासकट. आपणही यादी मागे घेऊ नये. पुढच्या वेळी पुस्तकाच्या नावाखाली पालकांसाठी ही माहिती दोन ओळींत छापावी, एवढी विनंती.

आपली,
एक वाचक, सांगली