कोरीव खोडे पावसात टिकावीत

मा. संपादक,
सासवड, जुन्नर, भोर अशा गावांनी वठलेल्या किंवा उन्मळून पडलेल्या झाडांच्या खोडांवर आपला वारसा कोरून घ्यावा, असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र खोड मुळांसकट जागेवरच ठेवून कोरायचे आणि वरून व्हार्निश फासायचे, ही पद्धत सोडायला हवी. जमिनीतले लाकूड सतत ओल ओढते, तिथूनच बुरशी आणि वाळवी शिरते. मुळे कुजली की भर चौकात उभे असलेले शिल्प धोक्याचे ठरते.

खोड कापून दगडी जोत्यावर, गंजरोधक लोखंडी बैठकीवर बोल्टने बसवावे आणि खाली हवा खेळायला दोनेक इंच फट ठेवावी. बुंधा सिमेंटमध्ये गाडला तर पाणी तिथेच साचते. वठलेले झाड तोडायलाही १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते, ती आधी घ्यावी. जिवंत झाड तर कोरूच नये.

लाकूड चिंचेचे, बाभळीचे किंवा कडुनिंबाचे असावे. गुलमोहर आणि आंबा उघड्यावर लवकर कुजतात. साल पूर्ण काढावी, कारण भुंगे तिच्याआड राहतात. बाहेरचे फिकट लाकूडही जमेल तितके तासावे, टिकतो तो आतला गडद गाभा. लाकूड वाळताना खोडाच्या घेराच्या दिशेने जास्त आकसते, म्हणून अख्खे खोड तडकणारच. ती भेग चेहऱ्यावर येऊ नये यासाठी मागच्या बाजूने खोडाच्या मध्यापर्यंत एक उभा काप आधीच द्यावा.

चित्रही लाकडाचे तंतू पाहून निवडावे. सासवडला वारी कोरायची तर वीणा, पताकेची काठी, डोईवरचे वृंदावन उभ्या खोडात छान बसते. पालखीची आडवी दांडी बाहेर काढली तर हमखास तुटते, कारण तंतू उभे असतात. ती उठावातच, म्हणजे खोडाला चिकटलेलीच, ठेवावी.

व्हार्निशचा थर उन्हाने तडकतो आणि आत शिरलेले पाणी कोंडून ठेवतो. त्याऐवजी बोरॅक्स व बोरिक ॲसिडचे द्रावण द्यावे, ते वाळल्यावर जवसाचे उकळलेले तेल लावावे. पहिला हात निम्मे टर्पेंटाइन घालून द्यावा. माथ्यावर पाणी साचेल असा खळगा नको. तिथे उतरता तांब्याचा पत्रा बसवावा. हे काम कसबा पेठेतल्या तांबट आळीचे कारागीर उत्तम करतील.

तेलाचा हात दरवर्षी मे महिन्यात, पावसाआधी, द्यावा लागतो. नगरपालिकांनी हा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरावा.

– लाकूडकाम करणारे काही वाचक, पुणे