महानगर प्रदेशाच्या नकाशावर आमचा रपटाही मांडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘नवीन नागपूर’ आणि नागपूरच्या नव्या बाह्य वळणमार्गाच्या बातम्या मी आपल्या दैनिकात बारकाईने वाचतो. ‘नवीन नागपूर’ या नियोजित व्यापारकेंद्रासाठी हिंगणा तालुक्यातली सुमारे ६९२ हेक्टर जमीन, शहराभोवती १४८ किलोमीटरचा रस्ता, त्यावर ट्रक आणि बसचे तळ, मेट्रोचा दुसरा टप्पा. कामं मोठी आहेत आणि उपराजधानीला ती हवीतच, त्याबद्दल माझा वाद नाही. पण २०१७ साली नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण आलं, तेव्हा शहराभोवतीची सातशेहून अधिक गावं त्यात घेतली गेली. आमच्या कुही आणि शेजारच्या उमरेड तालुक्याचा काही भागही त्यात आहे. बांधकामाची परवानगी, विकास शुल्क, लेआउटची मंजुरी या बाबतीत आम्ही केव्हाच शहराचे झालो. पूल, गाडी आणि झाडं-पाणी यांचा विषय निघाला की मात्र आराखड्याची रेघ शहरातून सुरू होते आणि आमच्यापर्यंत यायच्या आतच संपते. ती रेघ आमच्या टोकाकडूनही ओढायला हवी.

आधी पुलांचं सांगतो, कारण आमचा पावसाळा त्यातच जातो.

जानेवारी २०२४ मध्ये अंभोऱ्याला वैनगंगेवरचा केबलचा पूल सुरू झाला. लांबी सुमारे ७०५ मीटर, वर उंचावर प्रेक्षक सज्जा. खालच्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याने तिथलं पात्र समुद्रासारखं पसरलं आहे. पूर्वी पलीकडे भंडारा जिल्ह्यातल्या सोयऱ्यांकडे जायचं तर नावेत बसा, नाही तर लांबून फिरून जा. आता चैतन्येश्वराच्या दर्शनाला आलेला माणूस पाच मिनिटांत पलीकडे जातो. सरकारचं हे काम चांगलं आहे, आणि ज्यांनी ते मनावर घेतलं त्यांचे आम्ही मनापासून आभारी आहोत.

पण या पुलापर्यंत आणि तालुक्याच्या गावापर्यंत येणारे जे आडवे रस्ते आहेत, त्यांच्यावर नाल्यानाल्यावर अजून रपटेच आहेत. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो: नाल्यात सिमेंटचे पाइप आडवे टाकायचे, वर काँक्रीट ओतायचं, झाला रपटा. पहिल्या मोठ्या पावसात पऱ्हाट्या, तुराट्या, काडीकचरा वाहत येऊन पाइपांची तोंडं बुजवतो आणि पाणी वरून जाऊ लागतं. कडेचे दगडी खुंट एखाद्या पुरात गेले की रपट्याची कड कुठे संपते ते गढूळ पाण्यात दिसत नाही. विदर्भात दर पावसाळ्यात माणसं वाहून गेल्याच्या बातम्या येतात, त्यातल्या कितीतरी अशाच ठिकाणच्या असतात. “पाणी घोट्याइतकंच आहे” असं म्हणून गाडी घातलेली असते.

अलीकडे दोन गोष्टींनी हा त्रास वाढला आहे. गोसीखुर्दचा जलाशय भरला की खालच्या अंगाच्या नाल्यांचं पाणी पुढे सरकत नाही, ते मागे फुगतं. आणि वरच्या अंगाला लेआउट पडताना वावरं सपाट होतात, धुरे मोडतात, नाल्याची कड भरून प्लॉट काढले जातात. जे पाणी पूर्वी वावरात मुरत मुरत यायचं, ते आता एकदम येतं. म्हणजे शहराच्या वाढीचा भार आमच्या रपट्यावर येतो आहे. मग त्याची दुरुस्ती जिल्हा परिषदेच्या तुटपुंज्या पैशावर कशासाठी सोडायची? ज्या लेआउटमधून विकास शुल्क गोळा होतं, त्याच शुल्कातून त्याच नाल्यावरचा पूल व्हावा.

नागपूरच्या वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल विक्रमात नोंदला गेला. कामठी रोडवर तर गड्डीगोदामजवळ रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो अशी चार पातळ्यांवरची वाहतूक आहे. ते बांधणाऱ्या अभियंत्यांचं मला खरंच कौतुक आहे. हीच मंडळी आठवडाभर आमच्या तालुक्यात फिरली, तर कोणत्या रपट्यावर पाच मीटर उंचीचा साधा पूल लागतो आणि कुठे नुसते काँक्रीटचे मोठे चौकोनी बॉक्स टाकून भागतं, हे सांगायला त्यांना वेळ लागणार नाही. रपट्यांची तालुकावार यादी करा. कोणता रपटा वर्षातून किती वेळा बुडतो, त्याच्या पलीकडे किती गावं, शाळा कुठे, प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे, हे लिहा आणि ती यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. बाळंतपणाला निघालेली बाई रपट्याच्या अलीकडे थांबून पाणी ओसरायची वाट पाहते, ही गोष्ट महानगर प्रदेशात शोभत नाही.

आता गाडीचं. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याला केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये मंजुरी दिली. ४३.८ किलोमीटर, चार दिशा: कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि कापसीचं ट्रान्सपोर्टनगर. यात उमरेडची दिशा नाही. मेट्रो कुहीपर्यंत आणा असं मी म्हणणार नाही, ते परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही. आमच्याकडे रेल्वेमार्ग आहे. इतवारी ते नागभीड हा सुमारे १०६ किलोमीटरचा मार्ग कुही, उमरेड, भिवापूर या गावांतून जातो. त्याच्यावरची नॅरोगेज गाडी नोव्हेंबर २०१९ मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. गाडी हळू होती, पण दुधाचे कॅन, भाजीच्या टोपल्या, कॉलेजची पोरं, मजुरीला जाणाऱ्या बाया, भिवापूरच्या मिरचीची पोती, सगळ्यांना तिने सामावून घेतलं होतं. ती थांबली आणि त्या पोरांपैकी बरीच दुचाकीवर आली. उमरेड रोडवरचे कोळशाचे ट्रक ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

ब्रॉडगेजच्या या मार्गावर कोळसा आणि लांब पल्ल्याच्या गाड्या धावतील, धावाव्यातही. पण सकाळी नागपूरला आणि संध्याकाळी परत अशी मेमू, म्हणजे जवळच्या पल्ल्याची विजेवरची लोकल गाडी, जुन्या सगळ्या थांब्यांसह, हवीच. कुहीसारख्या ठिकाणी गाडी उभी राहिली नाही तर आमच्या दृष्टीने तो मार्ग असून नसल्यासारखा. इतवारीला उतरलेल्या माणसाला प्रजापतीनगर–लोकमान्यनगर मेट्रोच्या जवळच्या स्थानकापर्यंत नेणारी बस गाडीच्या वेळेला जोडा. एवढं केलं तरी उमरेडची मुलगी घरी राहून नागपुरात शिकू शकते.

याच मार्गाच्या उमरेड–भिवापूर टप्प्याबद्दल आणखी एक सांगायचं आहे. २०१२ साली घोषित झालेलं कऱ्हांडला अभयारण्य तिथून जवळ आहे आणि वाघांचा येण्याजाण्याचा रस्ता या पट्ट्यातूनच जातो. पेंचच्या जंगलात मनसर ते खवासा या टप्प्यात जनावरांना खालून जाता यावं म्हणून महामार्ग नऊ ठिकाणी उचलला गेला. सर्वांत लांब भुयारी वाट साडेसातशे मीटरची आहे, आणि तिच्यातून वाघ जातानाचे फोटो वनखात्याच्या कॅमेऱ्यात आले. आपल्याच जिल्ह्यात हे जमलं आहे. तेव्हा रेल्वे की वाघ असा वाद घालत बसण्याचं कारण नाही. रुळांखालूनही अशाच वाटा काढा; खर्च वाढेल, तो धरून चला.

राहिला हिरवळीचा प्रश्न. विकास आराखड्यात हिरवा रंग दिसला की इथला शेतकरी धास्तावतो. शेजारच्याच्या वावरात लेआउट पडतो, त्याला एकराचे भाव मिळतात, आणि आपल्या सात-बाऱ्यावर मात्र आरक्षण बसतं. त्यामुळे हिरव्या पट्ट्याला गावातूनच विरोध होतो. तो विरोध समजून घ्यायला हवा. कॅनडाच्या ओटावा या राजधानीभोवती १९५० च्या आराखड्यातून असाच एक पट्टा आखला गेला, सुमारे २०० चौरस किलोमीटरचा. तिथे सरकारने त्यातली बहुतेक जमीन पैसे मोजून घेतली, आणि तिच्यातला मोठा भाग आजही शेतकऱ्यांना कसायला भाड्याने दिलेला आहे. तिथेही शहर पट्टा ओलांडून पलीकडे वाढलंच, आणि जमीन गेलेल्यांचं दुःख असणारच. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: हिरवा पट्टा म्हणजे कुंपणातली बाग असं त्यांनी मानलं नाही, धान्य पिकवणारं शेतही त्यात धरलं. आपल्याकडे जमीन विकत घ्यायला पैसा नसेल, तर निदान हिरव्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याला दर एकरी वार्षिक मोबदला द्या आणि शेती करू द्या. शहराला हवा-पाणी मिळवून देण्याचं काम तो करतो आहे.

आणि तलाव. पूर्व विदर्भातले, जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातले मालगुजारी तलाव आणि बोड्या म्हणजे छोटी तळी, हीच आमची बाग. मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, गाळ साचत राहिला आणि काठावर अतिक्रमण आलं. महानगर आराखड्यात प्रत्येक मामा (माजी मालगुजारी) तलावाची पूररेषा मोजून तिच्या आत लेआउट बंद केला, तर शेत भिजेल, ढिवरांना मासळी मिळेल, आणि वरून येणारं पाणी रपट्यावर आदळण्याआधी तलावात थांबेल.

पाणी थांबायला जागा न ठेवल्याचा परिणाम नागपूरने २३ सप्टेंबर २०२३ ला पाहिला. अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं बुडाली. तीच नाग नदी शहराचा मैला घेऊन आमच्याकडे येते, कन्हानला मिळते आणि कन्हानमार्गे अंभोऱ्याला वैनगंगेत उतरते. नव्या पुलाच्या सज्ज्यावरून पर्यटक ज्या पाण्याचे फोटो काढतात, ते गोसीखुर्दचं पाणी नागपूरच्या सांडपाण्याने बिघडलेलं आहे. नाग नदी शुद्धीकरणाच्या प्रकल्पाला केंद्राची मंजुरी मिळूनही वर्षं लोटली. काठावरच्या गावांना विहिरीचं पाणी प्यायची भीती वाटते. ‘नवीन नागपूर’चं सांडपाणी कुठे जाणार, याचं उत्तर त्या आराखड्याच्या पहिल्या पानावर असावं ही आमची मागणी आहे.

डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन असतं. विदर्भातल्या आमदारांनी रपट्यांची यादी आणि मेमूच्या थांब्यांचा प्रश्न सभागृहात मांडावा. आराखड्यातल्या बदलांवर हरकती मागवल्या जातात तेव्हा सुनावणी नागपूरच्या कार्यालयात न ठेवता कुही, मौदा, उमरेड अशा तालुक्याच्या ठिकाणी ठेवावी. ती धान कापणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत नको, मार्च-एप्रिलमध्ये घ्यावी. नकाशे मराठीत, गटनंबर वाचता येतील एवढे मोठे छापून ग्रामपंचायतीत एक महिना आधी लावावेत.

आपला,
एक शेतकरी वाचक
ता. कुही, जि. नागपूर