डिस्क प्लेअरच्या खोक्यावर खरे काय ते छापा

प्रति,
माननीय केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय : डीव्हीडी व ब्लू-रे प्लेअरवरील प्रदेश-बंधन आणि दिशाभूल करणारा तपशील

महोदय,

एका प्रदेशात विकलेली डिस्क दुसऱ्या प्रदेशाच्या प्लेअरवर चालू नये, यासाठी डीव्हीडीकरिता जगाचे जे प्रदेश पाडले गेले, त्यांत अमेरिका पहिल्या, जपान व पश्चिम युरोप दुसऱ्या, तर भारत पाचव्या प्रदेशात येतो. डीव्हीडीहून स्पष्ट चित्र देणारी ब्लू-रे डिस्क आल्यावर हा नकाशा पुन्हा आखला गेला. अमेरिका आणि जपान ‘ए’मध्ये एकत्र आले, युरोप ‘बी’मध्ये गेला आणि आपण चीन व रशियासोबत ‘सी’मध्ये. त्यामुळे न्यू जर्सीहून लेकीने रीतसर विकत घेऊन पाठवलेली ‘ए’ प्रदेशाची डिस्क पुण्यातल्या प्लेअरमध्ये घातली, की पडद्यावर प्रदेश जुळत नसल्याची सूचना तेवढी उमटते.

हा प्रदेश दर्शवणारे चिन्ह बहुधा यंत्राच्या पाठीमागे, वायरी जोडायच्या जागेशेजारी असते. म्हणजे पैसे मोजून, खोके फोडून, यंत्र उलटे केल्यावर ग्राहकाला ते दिसणार! त्यातही ‘मल्टी-रीजन’ (अनेक प्रदेशांच्या डिस्क चालवणारा) हा शब्द फार फसवा आहे, कारण कित्येकदा तो केवळ डीव्हीडीपुरता खरा असतो आणि त्याच यंत्रातील ब्लू-रेचे कुलूप जसेच्या तसे राहते. साध्या ब्लू-रेहून बारीक चित्र देणाऱ्या 4के ब्लू-रे डिस्कला प्रदेश-बंधन नाही, हे विक्रेता आवर्जून सांगतो. परंतु त्याच प्लेअरमध्ये साधी ब्लू-रे घातली तर बंधन पुन्हा आडवे येऊ शकते, हे सांगण्याच्या भानगडीत तो पडत नाही. (चित्रपट उद्योगाचे 4केच्या बाबतीत कुलपावाचून अडले नाही, याचीही नोंद घ्यावी.)

दुसरी तक्रार आकड्यांची आहे. साध्या डीव्हीडी प्लेअरच्या खोक्यावर ‘1080पी’ (म्हणजे 1920 गुणिले 1080 बिंदूंचे चित्र) ठळक छापलेले असते आणि ‘अपस्केलिंग’ हा शब्द शोधावा लागतो. पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीवर मुळात 720 गुणिले 576 बिंदूंचेच चित्र असते. यंत्र ते ताणून मोठे करते, नवा तपशील त्यात येत नाही. ‘4के अपस्केलिंग’ वाचून प्लेअर घेणाऱ्याला तर तो 4के डिस्क वाचूच शकत नाही, हे घरी गेल्यावर कळते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 ने वस्तूचा दर्जा व मानक यांची माहिती मिळण्याचा हक्क आम्हाला दिला आहे. बिस्किटाच्या पुड्यावर वजन, किंमत आणि तक्रारीचा पत्ता छापणे बंधनकारक असताना हजारो रुपयांच्या यंत्रावर ते कोणत्या डिस्क वाचणार नाही, एवढे छापायला काय हरकत आहे?

आता डिस्क कोण पाहतो, असे आपले अधिकारी कदाचित म्हणतील. पण हक्कांचे करार संपले की चित्रपट ओटीटीवरून एका रात्रीत नाहीसे होतात, आणि ग्रंथालये, चित्रपट मंडळे व संग्राहक यांच्याकडे उरते ती डिस्कच.

ऑस्ट्रेलियाने 2006 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करताना बाजारपेठांची भौगोलिक विभागणी करणारी अशी बंधने संरक्षित तांत्रिक उपायांच्या (म्हणजे जी तोडण्यास कायद्याने मनाई आहे अशा कुलपांच्या) व्याख्येतून वगळली. आपल्याकडे तेवढे लगेच व्हावे, असा माझा आग्रह नाही. मात्र डीव्हीडी आणि ब्लू-रे यांचे प्रदेश स्वतंत्रपणे, तसेच डिस्कवरून प्रत्यक्ष वाचले जाणारे चित्र आणि ताणलेले चित्र यांतील फरक खोक्याच्या दर्शनी बाजूवर व ऑनलाइन विक्रीच्या पानावर भारतीय भाषांतून छापणे आपण सक्तीचे करावे, आणि तोवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अशा जाहिराती तपासण्यास सांगावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक, पुणे