दळणाचा डबा

नौपाडा, ठाणे
रविवार, दुपार

चि. मृणाल,
अनेक आशीर्वाद.

फोनच करणार होतो. आई म्हणाली, "फोनवर तुमचा आवाज चढतो, त्यापेक्षा लिहा." हाताबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं ठरवून बसलोय.

काल तुझ्या हातातून दळणाचा डबा ओढून घेतला, तोही लिफ्टपाशी, शेजारच्या बाई बघत असताना. ते चुकलं. तू म्हणालीस, "बाबा, द्या इकडे. हात माझा आहे." मी चहाही न घेता निघालो. ठाण्याच्या गाडीत खिडकी मिळाली, पण ऐरोली येईपर्यंत मनातल्या मनात तुझ्याशीच भांडत होतो. जिंकतही होतो. घरी आल्यावर आईने विचारलं, "डबा किती किलोचा?" पाच, म्हटलं. "आणि व्यायामाला ती किती उचलते?" मला सांगता येईना. आठ महिन्यांत कधी विचारलंच नव्हतं. सुजलाय का, एवढंच विचारत आलो.

निखिलने मागे पाठवलेलं सगळं काल रात्री चष्मा लावून वाचलं. आमच्या वेळी स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताने बादलीसुद्धा उचलायची नाही, असंच सांगत. सुमाआत्याने तो हात शेवटपर्यंत उराशी धरून जपला आणि जपता जपता आखडून गेला. २००९ साली अमेरिकेत हात सुजलेल्या १४१ बायकांचा अभ्यास छापून आला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली, अगदी हलक्यापासून वाढवत, शिकवणारं माणूस समोर ठेवून. त्याने सूज वाढली नाही. उलट मधूनमधून त्रास बळावतो ना, ते त्यांच्यातच कमी झालं. पेन्सिलने खूण केली आहे. पण त्यात 'हळूहळू' आहे, मृणाल. अर्ध्या किलोवरून दोनवर येणं निराळं आणि पाच किलोचा डबा एका हातात लोंबकळत आणणं निराळं. शिवाय त्या हाताला सुई नको, बीपी डाव्या हातावर घ्यायला सांग, भांडी घासताना हातमोजे घाल, डास चावला तरी खाजवू नकोस, लाली दिसली, गरम लागलं, ताप आला तर सकाळची वाट न बघता दाखव.

झालं, सुरू झालो. माफ कर.

आपल्या घरात आजार म्हणजे खाट. मला टायफॉइड झाला तेव्हा आजीने महिनाभर गादीवरून उतरू दिलं नव्हतं. म्हणून रेडिएशनच्या दिवसांत तू टाटाच्या खारघरच्या सेंटरवरून येऊन संध्याकाळी पुन्हा सेंट्रल पार्कला निघालीस की मला तो वेडेपणा वाटे. थकलेल्या माणसाने चालायचं कशाला? या थकव्याला झोपून राहणं हे औषध नाही, झेपेल तेवढं चालणं हेच, असं डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या. मला ते पुस्तकी वाटलं. तू मात्र आधी पाच मिनिटं, मग दहा, मग वीस. ईशान सायकलवर पुढे, निखिल पाण्याची बाटली घेऊन मागे, आणि मी बाकावर घड्याळ बघत. "बाबा, बसायला कशाला येता, चालायला या," म्हणालीस. मी गुडघा पुढे केला. गुडघा दुखतो हे खरं. पण बरोबर चाललो तर तुला धाप लागलेली दिसेल, हे जास्त खरं.

सहावीत होतीस तेव्हा दोराच्या मल्लखांबावर चढायचीस. पायाच्या अंगठ्यात दोर, डोकं खाली, हात मोकळे. आई टाळ्या वाजवायची आणि मी स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचो. तिने कोपराने ढोसून "उतरली" म्हटलं की मग मान वर. तुझी एकही स्पर्धा मी धड पाहिलेली नाही, हे आज सांगतोय. बक्षिसं मात्र ऑफिसात टेबलाटेबलावर नेऊन दाखवली. ऑपरेशननंतर तू भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचीस, जिथवर पोचेल तिथे पेन्सिलची रेघ. तेव्हाही मी गॅलरीतच. काल डब्याच्या भानगडीआधी त्या रेघांपाशी उभा राहून बघितलं. सगळ्यात वरची माझ्या डोक्याच्याही वर आहे. घराला रंग काढाल तेव्हा तेवढी भिंत सोडा.

आज सकाळी कचराळी तलावाला तीन फेऱ्या मारल्या. आईने चार. ती हे सगळ्यांना सांगणार आहे.

शनिवारी येतो, ऊन चढायच्या आत. पार्कात बाकावर बसणार नाही. दळण राहिलं असेल तर राहू दे, येताना आपण आणू. डबा तू घे. मी लिफ्टचं दार धरीन.

तुझा,
बाबा

ता. क. पाटल्या उजव्या हातात सहज जातात का, असं आई विचारते आहे. खरंच आईच विचारते आहे.